करार की खैरात?

आपल्या सीमाभागातल्या माणसाला संपासाठी चार शब्द ठाऊक असतात. मराठीतला संप, तेलुगूतले सम्मे, कानडीतले मुष्कर आणि हैदराबादेच्या जुन्या वस्तीत अजून ऐकू येणारा हडताल. कराराला आपण करारच म्हणतो. तेलुगू शेजारी ओप्पंदम म्हणतो, कानडी शेजारी ओप्पंद. पहिले चार शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या कानांवर इतके आदळले, की दुसऱ्या शब्दाची आठवणही कुणाला राहिलेली दिसत नाही. कामगार संपावर गेला हे आपल्याला कळते, कारण आपली बस चुकते. त्याच्या पगाराचा करार केव्हा संपला, नवा केव्हा व्हायला हवा होता आणि तो का झाला नाही, हे मात्र आपण कधी विचारत नाही. माझे आजचे भांडण ह्या न विचारण्याशी आहे.

मी हैदराबादेत राहतो. माझे अर्धे गणगोत नांदेड-देगलूरकडे आणि उरलेले बीदर-भालकीकडे. आमच्यासारख्यांची सोयरीक टिकून आहे ती तीन राज्यांच्या तीन बसगाड्यांवर. इम्लीबनच्या बसस्थानकात ह्या तिन्ही गाड्या एका छताखाली उभ्या असतात. रंग वेगळे, पाट्यांच्या लिप्या वेगळ्या. पण कूळ एक. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली रस्ता वाहतुकीचे खाते काढले, तेव्हा त्यात २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. पुढे १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे एकीकडे, बीदर-गुलबर्गा-रायचूर दुसरीकडे आणि तेलंगण तिसरीकडे. घर वाटले तशा गाड्याही वाटल्या गेल्या. म्हणजे आज ज्यांना आपण टीजीएसआरटीसी, एस.टी. आणि कल्याण कर्नाटकची बस म्हणतो, त्या एकाच आईच्या तीन लेकी.

ह्या तिन्ही लेकींच्या घरी तीन वर्षांच्या आत मोठे संप झाले. तेलंगणात ऑक्टोबर २०१९ मध्ये, कर्नाटकात डिसेंबर २०२० आणि एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून पुढल्या एप्रिलपर्यंत. भाषा तीन, पुढारी निराळे, सत्तेवरचे पक्षही निराळे. पण तिन्ही ठिकाणच्या कामगारांच्या तोंडी मुख्य मागणी जवळपास एकच होती: आम्हांला सरकारात घ्या. महाराष्ट्रात तिला विलीनीकरण म्हणत. कर्नाटकात ती आधी सरकारी नोकराचा दर्जा म्हणून आली आणि तिथे दार बंद होताच सहाव्या वेतन आयोगाची श्रेणी म्हणून परत आली.

वरवर पाहता ही मागणी मोठी क्रांतिकारक वाटते. मला ती मोठ्या निराशेची वाटते. कामगार जेव्हा पगार वाढवून मागतो, तेव्हा त्याचा मालकाशी बोलण्यावर विश्वास असतो. तो जेव्हा मालकच बदलून मागतो, तेव्हा त्या बोलण्यावरून त्याचे मन उडालेले असते. ते का उडाले, कुणी उडवले, आणि सरकारात गेल्याने त्याचे दुखणे बरे होईल का, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मी माझ्या परीने देणार आहे. ती सरकारला आवडणार नाहीत, संघटनांना आवडणार नाहीत आणि विलीनीकरणाच्या घोषणेत ज्यांनी जीव ओतला त्यांनाही आवडणार नाहीत. त्याला माझा इलाज नाही.

आधी पगार ठरतो कसा ते पाहू. आपल्या देशात नोकरदाराचा पगार ठरण्याचे तीन रस्ते आहेत. पहिला कराराचा. कामगारांची मान्यताप्राप्त संघटना आणि मालक समोरासमोर बसतात, घासाघीस करतात, चार-पाच वर्षांसाठी कागद करतात आणि दोघेही त्याला बांधील राहतात. दुसरा आयोगाचा. सरकार एक आयोग नेमते, तो शिफारस करतो आणि ती किती स्वीकारायची ते सरकार ठरवते. तिसरा रस्ता कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण आपल्याकडे सर्वांत अधिक वाहता आहे. तो घोषणेचा. मंत्री किंवा मुख्यमंत्री पत्रकारांना बोलावतो, एक आकडा सांगतो आणि टाळ्या घेतो. करारात दोन सह्या असतात, घोषणेत एकच. करार मोडला तर दाद मागता येते. घोषणा लांबली तर वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. आपल्या जुन्या हैदराबादी बोलीत ह्या तिसऱ्या प्रकाराला नेमका शब्द आहे, खैरात.

आता हैदराबादेची गोष्ट ऐका. सप्टेंबर २०११ मध्ये वेगळ्या तेलंगणासाठी 'सकल जनुला सम्मे' झाला, म्हणजे सगळ्या जनतेचा संप. त्यात आरटीसीच्या कामगारांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. राज्य २०१४ साली मिळाले. पुढल्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, ह्या कामगारांनी पगारासाठी आठ दिवसांचा संप केला. मागणी ४३ टक्क्यांची होती. शेजारच्या आंध्रने आपल्या कामगारांना ४३ टक्के दिले. तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी ४४ दिले! कामगारांनी गुलाल उधळला. मागितल्यापेक्षा एक टक्का अधिक देणारा मालक कुणाला नको असतो?

मला विचाराल तर घात त्या एका टक्क्यात होता. तो कोणत्या हिशेबातून आला? महागाईच्या नाही, महामंडळाच्या उत्पन्नाच्या नाही, डिझेलच्या भावाच्या तर नाहीच. तो आला शेजाऱ्यावर कुरघोडी करण्याच्या हौसेतून. जो आकडा हिशेबातून येत नाही, तो पुढच्या वेळी टिकवायचा कसा? पुढची वेतनसुधारणा १ एप्रिल २०१७ पासून देय होती. ती झाली नाही. जून २०१८ मध्ये १६ टक्क्यांची अंतरिम वाढ हातावर ठेवली गेली. कामगार दुसऱ्या सुधारणेची आठवण करून देऊ लागला, तेव्हा आधीचे ४४ आणि नंतरचे १६ त्याच्याच तोंडावर फेकले गेले. एवढे दिले तरी समाधान नाही, असे म्हणायला सरकार मोकळे झाले. खैरातीचे हेच असते. घेणाऱ्याने दुसऱ्यांदा हात पुढे केला की तो कृतघ्न ठरतो. करारात कुणी कृतघ्न ठरत नाही, कारण तिथे कुणी दाता नसतो.

मग ५ ऑक्टोबर २०१९ आला. दसरा तीन दिवसांवर. ४८ हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कामावर या, असे फर्मान निघाले होते. जे आले नाहीत त्यांनी स्वतःच स्वतःला बडतर्फ करून घेतले आहे, असे मुख्यमंत्र्यांनी सांगून टाकले. नोकराने नोकरी सोडली की राजीनामा होतो आणि मालकाने काढले की बडतर्फी होते, एवढे आपण शाळेत शिकलो होतो. नोकराने स्वतःलाच बडतर्फ करण्याची ही नवी तऱ्हा जगाला हैदराबादने शिकवली. उच्च न्यायालय पुनःपुन्हा सांगत होते की बोला, वाटाघाटी करा. महामंडळाला पूर्णवेळ व्यवस्थापकीय संचालकसुद्धा नाही, हेही न्यायालयालाच दाखवून द्यावे लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस एर्रम मंजिलला एकदा बैठक झाली. संघटना म्हणाल्या, सगळ्या २६ मागण्यांवर बोलू. अधिकारी म्हणाले, २१ वरच बोलू. बोलणी मोडली. नोव्हेंबरच्या आरंभी ५,१०० मार्ग खाजगी गाड्यांना देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. काही कामगारांनी त्या दिवसांत आपला जीव दिला. ५२ दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, संघटनांनी काहीही पदरात न पडता संप मागे घेतला.

आणि त्यानंतर जे घडले ते संपापेक्षाही अधिक बोलके आहे. १ डिसेंबरला प्रत्येक डेपोतून पाच-पाच कामगार मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी बोलावले गेले. तिथे जेवण झाले. निवृत्तीचे वय साठ केले. संपाच्या दिवसांचा पगारही देऊ म्हणाले. आणि सांगितले, दोन वर्षे संघटना नको. डेपोडेपोत कल्याण समित्या करू. म्हणजे ५२ दिवस जे मागितले ते दिले नाही, आणि जे मागितले नव्हते ते पंक्तीला बसवून वाढले. मोबदल्यात घेतले काय, तर बोलण्याचा हक्क. निजामाच्या दरबारात नजराणा घेऊन गेलेला मनुष्य खिल्लत पांघरून परतत असे, तशी ही परतपाठवणी. पोटात चार घास गेले, अंगावर शाल आली, आणि करार करणारी संघटना उंबऱ्याबाहेर राहिली. ह्याच शहरात, जिथे चाळीसच्या दशकात मखदूम मोहिउद्दीन आणि डॉ. राज बहादूर गौड ह्यांनी निजामी राजवटीत कामगार संघटना उभ्या केल्या, तिथे लोकशाहीत निवडून आलेले सरकार संघटना नको म्हणते आणि लोक त्याला मनाचा मोठेपणा म्हणतात!

२०१७ पासून देय असलेल्या त्या वेतनसुधारणेचे पुढे काय झाले? मार्च २०२४ मध्ये, सरकार बदलल्यानंतर, २१ टक्क्यांची घोषणा झाली. सात वर्षे. पहिलीत बसलेले पोर तेवढ्या काळात आठवीत जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी फार खूष होऊ नये. आपल्या एस.टी.ची पत्रिका ह्याहून वेगळी नाही. २०१७ ची दिवाळी आठवा. ऐन दिवाळीत चार दिवसांचा संप झाला आणि उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. जून २०१८ मध्ये परिवहनमंत्र्यांनी ४,८४९ कोटींचा आकडा परस्पर जाहीर केला. संघटनेशी करार न होता जाहीर केलेला आकडा पटला नाही, म्हणून कामगारांनी पुन्हा गाड्या थांबवल्या. २०२१ च्या संपात, नोव्हेंबरमध्ये, पुन्हा घोषणाच झाली: दहा वर्षांच्या आतल्या नोकरीला पाच हजार, वीस वर्षांपर्यंत चार हजार, त्यापुढे अडीच हजार. आकडे कमी होते असे मी म्हणत नाही. नव्या पोराला त्याने दिलासाही मिळाला. पण पंचवीस वर्षे गाडी हाकणाऱ्याला सर्वांत थोडे का, हे त्याच्याशी बसून कुणी ठरवले? विलीनीकरण शक्य नाही असा तीन सदस्यांच्या समितीचा अहवाल आला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने मुदत घालून दिली आणि माणसे कामावर आली. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपती तीन दिवसांवर असताना, दोन दिवसांचा संप झाला आणि साडेसहा हजारांची वाढ जाहीर झाली, एप्रिल २०२० पासून. चार वर्षांपूर्वीची तारीख! कर्नाटकात जानेवारी २०२० पासून देय असलेली वाढ मार्च २०२३ मध्ये १५ टक्के म्हणून मिळाली. मधल्या ३८ महिन्यांच्या थकबाकीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे पुन्हा संप झाला.

आता सांगा, कामगार सणासुदीलाच संप का करतो? आपण घरात बसून म्हणतो, "मेल्यांना दिवाळीच सापडते." मीही तीन राज्यांतल्या नातलगांच्या तोंडून हे वाक्य ऐकले आहे. पण करार संपण्याच्या तारखेला कुणी विचारत नाही, वर्ष उलटले तरी विचारत नाही, आणि सणाच्या आधी तीन दिवस गाड्या उभ्या राहिल्या की मंत्रालयात दिवे लागतात, हे कामगाराला कुणी शिकवले? पंचांगातला मुहूर्त त्याने काढलेला नाही. सरकारच्या वागण्याने तो काढून दिला आहे.

ह्याचे मूळ मला एका गोष्टीत दिसते. महामंडळात पगाराच्या वाटाघाटी होतात त्या व्यवस्थापनाशी. पण व्यवस्थापनाच्या हातात आहे काय? तिकिटाचा दर सरकारच्या संमतीवाचून हलत नाही. कोणाला सवलत द्यायची ते सरकार ठरवते. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राने बायकांना अर्धे तिकीट केले, जून २०२३ मध्ये कर्नाटकाने आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाने ते पूर्ण माफ केले. ह्या योजनांना माझा विरोध नाही. शिवणकामाला, शिक्षणाला, माहेराला जाणाऱ्या लेकीबाळींच्या हाती त्यामुळे दोन पैसे राहिले. पण त्या तिकिटाचे पैसे महामंडळाला सरकारी तिजोरीतून यायचे असतात. ते आले तर पगार, लांबले तर पगारही लांबतो. म्हणजे उत्पन्न सरकारच्या हातात, खर्चाची मंजुरी सरकारच्या हातात, आणि वाटाघाटीला खुर्चीवर बसतो तो मात्र महामंडळाचा अधिकारी. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो बोलायला येत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ह्या म्हणीचे इतके चपखल उदाहरण दुसरे नसेल. अशा स्थितीत, मधला दलाल नको, थेट धन्याच्याच घरी नेऊन बसवा, असे कामगाराने म्हणावे ह्यात नवल नाही.

संघटनाही ह्या पापातून सुटत नाहीत. तेलंगणातल्या मोठ्या संघटनेचा मानद अध्यक्ष एके काळी सत्ताधारी पक्षाचाच वजनदार मंत्री होता. धन्याच्या घरचाच माणूस आपला वकील असला की गोड दिवसांत कामे झटपट होतात आणि कडू दिवसांत दार ठोठवायला जागा राहत नाही. महाराष्ट्रात मान्यतेचा कायदा १९७१ चा आहे. मान्यता मिळालेली संघटना एक आणि कामगाराच्या मनातली दुसरी, असे झाले की काय होते ते २०२१ मध्ये दिसले. संघटनांनी महागाई भत्ता, घरभाडे ह्यांवर तडजोड केली आणि डेपोतला कामगार ती झुगारून बाहेरच्या वकिलामागे गेला. कर्नाटकात तो एका शेतकरी नेत्यामागे गेला. आपल्याला हे नवे नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, त्यातली गाठ हीच होती. कायद्याने बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. ज्याच्यामागे कामगार त्याच्याशी बोलता येत नाही, आणि ज्याच्याशी बोलता येते त्याच्यामागे कामगार नाही. ती गाठ सुटली नाही आणि गिरणगाव संपले. चाळीस वर्षांनी तीच गाठ आपण एस.टी.च्या डेपोत पाहिली.

मग विलीनीकरण हा उपाय आहे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि कारण शेजारच्या घरातच आहे. आंध्रने आपल्या आरटीसीचे कामगार १ जानेवारी २०२० पासून सरकारी सेवेत घेतले. नोकरीची शाश्वती आली, ती खरीच. तिला मी कमी लेखत नाही. पण पगाराचे काय? तो आता सरकारी नोकरांबरोबर वेतनसुधारणेच्या शिफारशीवर गेला. जानेवारी २०२२ मध्ये आंध्र सरकारने आपल्या नोकरांना २३ टक्क्यांची वाढ ठरवली, जेव्हा अंतरिम म्हणून २७ टक्के आधीच त्यांच्या हातात पडत होते. वाढ म्हणून घट! फेब्रुवारीत हजारो सरकारी नोकर विजयवाड्याच्या रस्त्यावर उतरले. म्हणजे धन्याच्या घरात गेल्यावरही रस्ता चुकला नाही.

आणि सरकारी नोकराच्या संपाला आपला कायदा कसा पाहतो? तमिळनाडूत जुलै २००३ मध्ये सुमारे १ लाख ७० हजार सरकारी नोकर आणि शिक्षक संपापायी एका झटक्यात काढले गेले. पुढे बहुतेक परत घेतले. पण त्या प्रकरणात ६ ऑगस्ट २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्क नाही. संघटनस्वातंत्र्य आणि सामूहिक सौदा ह्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकांचे करार भारताने मान्य केलेले नाहीत, आणि त्याचे कारण म्हणून सरकारी नोकरांवरची बंधनेच पुढे केली जातात. तेव्हा विलीनीकरण मागणाऱ्याने हे नीट समजून घ्यावे की तो शाश्वती मागतो आहे आणि तिच्या बदल्यात स्वतःचा भाव करण्याचा हक्क देतो आहे. तेलंगणाने तर ऑगस्ट २०२३ मध्ये आरटीसीच्या कामगारांना सरकारात घेण्याचा कायदाही केला. २०२५ मध्ये, तो अमलात आणा म्हणून त्याच कामगारांना संपाची नोटीस द्यावी लागली, आणि तीन अधिकाऱ्यांची समिती नेमल्यावर संप पुढे ढकलला गेला. करार नाही, आणि कायदा झाला तर त्याची अंमलबजावणी नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कुणी म्हणेल, सरकारच मालक असले की करार होणारच कसा? तर तेलंगणातलेच उत्तर देतो. सिंगरेणीच्या कोळसा खाणीत ५१ टक्के भाग राज्याचा आणि ४९ टक्के केंद्राचा. दोन्ही सरकारेच. पण तिथला पगार मुख्यमंत्र्यांच्या पंक्तीत ठरत नाही. देशभरच्या कोळसा कामगारांसाठी मालक आणि संघटना ह्यांची संयुक्त समिती आहे. तिचा अकरावा करार २० मे २०२३ ला झाला. १९ टक्के वाढ, १ जुलै २०२१ पासून पाच वर्षांसाठी. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा खाण कामगार आणि कोत्तगुडेमचा तेलुगू खाण कामगार एकाच कागदाने बांधलेले आहेत. सिंगरेणीत बोलणी कोणी करायची हे गुप्त मतदानाने ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये तसे मतदान झाले. बँकांत पहिला द्विपक्षीय करार १९६६ साली झाला, बारावा ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्क्यांचा. हे करारही उशिरा होतात, त्यांतही रुसवेफुगवे असतात. पण करार झाला की तो मागील करार संपल्याच्या तारखेपासून लागतो आणि खाणवाला किंवा बँकवाला कुणाच्या शालीचा मिंधा होत नाही. खाणीत जे जमते, बँकेत जे जमते, ते बसच्या डेपोत जमू नये असे काय आहे?

बाहेरच्या जगाकडे पाहायचे तर स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. १९३८ साली मालक आणि कामगार ह्यांच्या मध्यवर्ती संघटनांनी साल्टशोबाडेन येथे आपसांत मूळ करार केला आणि आजही तिथल्या दहांतल्या सुमारे नऊ कामगारांचा पगार सामूहिक कराराच्या छत्राखाली येतो. इतके लांब जायला नको असेल तर अहमदाबादेत थांबा. १९१८ साली गिरणी कामगारांनी ३५ टक्के मागितले, गांधीजी उपोषणाला बसले, शेवटी प्रश्न लवादाकडे गेला आणि आनंदशंकर ध्रुवांनी ३५ टक्केच योग्य ठरवले. तोही आकडाच होता. पण तो हिशेब पाहून, दोन्ही बाजू ऐकून ठरला होता. हैदराबादेतल्या ४४ मध्ये आणि अहमदाबादेतल्या ३५ मध्ये जो फरक आहे, तोच मला सांगायचा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ५१ टक्के कामगार ज्या संघटनेत, ती बोलणी करणारी संघटना; तशी कोणतीच नसेल तर वाटाघाटी परिषद. चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन पूर्वी लोकोपयोगी सेवांना होते, ते आता सर्वांना. निम्म्या कामगारांनी एकदम किरकोळ रजा टाकली तर तोही संप. कामगाराला कुठे थांबायचे ते ह्या संहितेने बारकाईने सांगितले. पण तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याने टेबलाशी येऊन बसले पाहिजे, एवढे एक वाक्य मला तिच्यात दिसत नाही.

ते वाक्य आपण मागितले पाहिजे. माझ्या मते चार गोष्टी व्हाव्यात. महामंडळाच्या पगाराची बोलणी होतील तेव्हा राज्याच्या वित्त खात्याचा अधिकारी सहीच्या अधिकारासह समोर बसावा. चालू करार संपण्याच्या सहा महिने आधी बोलणी सुरू व्हावीत, आणि संपल्यावर सहा महिन्यांत नवा झाला नाही तर प्रश्न आपोआप लवादाकडे जावा. सवलतीपोटी सरकारकडून येणे किती आणि आले किती, हा हिशेब दर तिमाहीला डेपोच्या फलकावर लागावा, म्हणजे तोटा कामगारामुळे की उधारीमुळे हे प्रवाशालाही कळेल. आणि बोलणी कुणी करायची ते ठरावीक मुदतीने गुप्त मतदानाने ठरावे, त्या संघटनेच्या गादीवर मंत्री-आमदार नसावा. ह्यांतली एकही गोष्ट तिजोरीवर बोजा टाकणारी नाही. सरकारचे जाईल ते एवढेच, की घोषणा करण्याचे सुख.

आणि आपले, प्रवाशांचे? आपण तीन भाषांत जगणारी माणसे. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या, दवाखाना तिसऱ्या. सीमेवरून रोज भांडणारी सरकारे पगाराच्या बाबतीत एकमेकांसारखीच वागतात, हे आपल्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही. मग ते आपण नाही सांगायचे तर कुणी? पुढच्या वेळी मंत्र्याने सणाच्या तोंडावर वाढ जाहीर केली की आपण टाळ्या वाजवू नयेत. करार केव्हा करता, एवढेच विचारावे. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून चिडला तर आपण त्याच्याशी भांडतो. एखाद्या दिवशी त्याला विचारून पाहावे की तुमचा करार कधी संपला. तारीख त्याला तोंडपाठ असते. ती आपल्यालाही पाठ झाली, तर मंत्रालयातल्यांना विसरणे थोडे अवघड जाईल.